उतरणारे ओझे

(दृश्य: कळमना बाजार, सकाळ. ट्रकचा फाळका उघडतो, फळी लावली जाते.)

नागपूरच्या कळमना बाजारात धान्याचा ट्रक रिकामा होत असताना पाहणाऱ्याची नजर साहजिकच उचलल्या जाणाऱ्या कट्ट्याकडे, म्हणजे धान्याच्या पोत्याकडे जाते. या चित्रफितीत मात्र त्यानंतरची काही पावले महत्त्वाची आहेत. सुमारे 50 किलोंचे ओझे पाठीवर घेऊन हमाल फळीवरून खाली येतो, तेव्हा प्रत्येक पावलाला त्याचा गुडघा वाकतो आणि मांडीच्या पुढचा स्नायू जोर लावत असतानाच लांबत जातो. फळी चढताना हाच स्नायू आखूड होत काम करतो. बाहेरून ही दोन्ही कामे सारखीच मेहनतीची दिसतात, परंतु स्नायूच्या आत त्यांच्यात मोठा फरक आहे.

(दृश्य: फळबाजार. सोललेले संत्रे, अगदी जवळून.)

सालीच्या आत फोडी, प्रत्येक फोडीभोवती पातळ पापुद्रा आणि फोडीच्या आत रसाच्या बारीक पिशव्या, त्यांनाही आपापले आवरण. स्नायूची रचना याच क्रमाने आहे. संपूर्ण स्नायूभोवती एक आवरण असते, त्याच्या आत तंतूंची जुडगी असतात, प्रत्येक जुडग्याला स्वतःचा पापुद्रा असतो आणि जुडग्यातील एकेका तंतूलाही. संत्र्याशी साम्य येथे संपते, कारण स्नायूची ही तिन्ही आवरणे टोकाकडे एकत्र येतात, त्यांची चिवट कंडरा होते आणि ती हाडाला घट्ट जोडलेली असते.

(दृश्य: रेखाचित्र. एक तंतू, मग त्याच्या आतील पट्टे.)

प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडीने केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीने कित्येक सेंटिमीटर असू शकणारी आणि अनेक केंद्रके असलेली. तिच्या आत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म भाग एकापुढे एक मांडलेले असतात. एका सार्कोमिअरची लांबी सुमारे 2.5 मायक्रोमीटर, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या तंतूत एका ओळीत असे सुमारे 40,000 भाग बसतात. त्यात अॅक्टिन या प्रथिनाचे पातळ आणि मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखूड होतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. अँड्र्यू हक्सली व रॉल्फ निडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी ही गोष्ट 1954 मध्ये स्वतंत्रपणे मांडली; दोन्ही हक्सलींचे आपसांत काही नाते नव्हते.

सरकण्याची सुरुवात चेतातंतूपासून होते. त्याच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटते, स्नायूच्या तंतूच्या पडद्यावरून विद्युतलहर धावते, आतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर येते आणि ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटताच अॅक्टिनवरील झाकलेल्या जागा मोकळ्या होतात. मायोसिनची टोके त्या जागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. सोडण्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन लागते. मृत्यूनंतर शरीर ताठ होते ते एटीपी संपून ही पकड सुटेनाशी झाल्यामुळे.

(दृश्य: फळीवरून उतरणारे पाय, संथ गतीत.)

आता हे पाय पुन्हा पाहा. उतरताना पकड कायम असते, पण ओझे त्या पकडीविरुद्ध धागे दूर खेचत असते. अशा वेळी स्नायू आखूड होताना पेलतो त्यापेक्षा अधिक भार पेलू शकतो आणि त्यासाठी ऊर्जाही कमी खर्च करतो. म्हणूनच उतरताना दम लागत नाही आणि हे काम हलके समजले जाते. किंमत मात्र तंतू मोजतात. सगळे सार्कोमिअर सारखेच ताणले जात नाहीत. जे कमजोर असतात ते प्रमाणाबाहेर लांबतात, धाग्यांची मांडणी विस्कटते, पडद्याला सूक्ष्म चिरा पडतात आणि दाह सुरू होतो. नव्या हमालाचे अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकते ते यामुळे. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची सवय अजून गेलेली नाही, पण काम थांबल्यावर ते साधारण तासाभरात निवळते, तेव्हा दोन दिवसांनंतरच्या वेदनेचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. हेच काम पुन्हा केले की ठणका कमी होत जातो, कारण स्नायू या ताणाला सरावतो.

(दृश्य: थप्पी लावणारे ज्येष्ठ हमाल. आकड्याने कट्टा ओढून पाठीवर घेतात.)

या हमालांची पद्धत शिकण्यासारखी आहे. ते ओझे पाठीच्या वरच्या भागावर, कण्याला चिकटून घेतात, जेणेकरून भाराची रेषा पावलांवर पडते. तेच ओझे हातांत, शरीरापासून दूर धरून कोणी वाकला, तर कण्यालगतच्या स्नायूंना ओझ्याच्या कित्येक पट ओढ लावावी लागते, कारण ते कण्याच्या अगदी जवळून काम करतात. कमरेत उसण भरते ती बहुधा अशाच वेळी. या कौशल्याला अकुशल काम म्हणणे आम्हांला पटत नाही.

सरावलेला स्नायूही फाटू शकतो. थकलेला स्नायू फाटण्याआधी कमी ताण सोसतो, त्यामुळे दिवसाच्या शेवटच्या ट्रकला पाय घसरणे अधिक महागात पडते. फाटण्याची नेहमीची जागा म्हणजे स्नायू आणि कंडरा यांचा सांधा, आणि मांडीच्या मागचे किंवा पोटरीचे, दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू अधिक वेळा फाटतात. फाटल्यानंतर तंतूंच्या कडेला असलेल्या उपपेशी, ज्यांचे वर्णन शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये केले, नवे तंतू घडवतात. जखम मोठी असेल तर तेथे व्रण उरतो. ताज्या जखमेवर जोराने मालिश करू नये. सुरुवातीचे काही दिवस विश्रांती आणि मग सोसेल तेवढी हालचाल हा सर्वसाधारण क्रम आहे, पण रोजावर जगणाऱ्याला तो क्वचितच पाळता येतो.

(दृश्य: मे महिन्याची दुपार. पाण्याचे माठ.)

नागपूरच्या उन्हाळ्यात अतिश्रमानंतर लघवी काळपट झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण तुटलेल्या तंतूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकते.

(दृश्य: हिशेबाची वही, कट्ट्यांची मोजणी.)

1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातील हमालांसाठी नोंदणी आणि मंडळांची व्यवस्था केली. या वहीत मात्र कट्टे मोजले जातात. ते किती उंचीवरून उतरले, यासाठी तिच्यात रकाना नाही.