चुलीपुढची हवा मोजणारा माणूस

नमस्कार मंडळी. प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर दिल्लीतलं ते धुरकट आभाळ, ट्रकच्या मागचा काळा धूर, नाहीतर चंद्रपूरच्या थर्मलच्या चिमण्या. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या शास्त्रज्ञाने मात्र चाळीसेक वर्षं स्वयंपाकघरातला धूर मोजला, आणि सुरुवात केली ती आपल्या शेजारच्या गुजरातमधून. कर्क स्मिथ त्यांचं नाव. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात प्रोफेसर होते, २०२० च्या जूनमध्ये गेले.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा हवा तपासायची म्हणजे शहरात कुठल्यातरी गच्चीवर यंत्र बसवायचं, बस्स. स्मिथ आणि त्यांच्या इथल्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर छोटा पंप आणि फिल्टर थेट चुलीपुढे बसलेल्या बाईच्याच अंगावर लावला, म्हणजे ती फुंकणी घेऊन वाकली की फिल्टरही तिच्याबरोबर वाकणार आणि जी हवा तिच्या नाकात जाते तीच मोजली जाणार. साधी वाटते ना आयडिया? पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. किती धूर निघाला यापेक्षा तो कुणाच्या छातीत गेला हे बघायचं. उंच चिमणीतून निघालेला धूर पसरतो, विरळ होतो, आणि चुलीचा धूर तर नाकापासून हातभर अंतरावर, बंद खोलीत, रोज दोन वेळा. अशा चुलीवर तासभर स्वयंपाक म्हणजे घरात ४०० सिगारेटी जाळण्यासारखं आहे, असं ते सांगायचे.

ओलं सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या नीट जळत नाहीत, अर्धवट जळतात, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि ते पीएम २.५ म्हणतात ते बारीक कण निघतात. हे कण फुप्फुसाच्या पार तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको, आणि चूल पेटल्यावर हाच आकडा शेकड्यात, कधी हजारात जातो. मग पोरांना न्यूमोनिया, जन्मात बिडी न ओढलेल्या आजीला सीओपीडी, म्हणजे कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा आजार, मोतीबिंदू, हार्टचा त्रास. याच संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं गेली.

आता पुढचा प्रश्न, धुराडं बसवलं की काम झालं का? हे तपासायला स्मिथ ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात गेले. ५३४ घरं घेतली, निम्म्यांना धुराड्याची चूल दिली, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर दिली, आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यांना काचेची बारीक नळी अडकवून बाळाच्या वाट्याला किती कार्बन मोनॉक्साइड येतो ते मोजलं. २०११ मध्ये निकाल छापून आला. बाळांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला होता, गंभीर न्यूमोनियाही कमी दिसला, पण एकूण न्यूमोनियात ठामपणे सांगता येईल इतका फरक नव्हता. म्हणजे धूर निम्मा करून भागत नाही, फार खाली आणावा लागतो. इथून त्यांचं म्हणणं पक्कं होत गेलं की गरिबाच्या सरपणासाठी नवनव्या चुली शोधत बसण्यापेक्षा शहरातली बाई जे वापरते तेच, गॅस आणि वीज, खेड्यातल्या बाईला द्या. आणि गरोदर बाईच्या घरी आधी पोचवा. मला हे फार पटतं. निर्धूर चुलीच्या कितीतरी योजना आपण बघितल्या, धुराडं चोंदलं की पुढे ती चूल कोण वापरतं?

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटीवं कनेक्शन आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात दिलं गेलं. ही मोठीच गोष्ट आहे. पण कनेक्शन असणं वेगळं आणि दुसरा, तिसरा, पाचवा सिलिंडर भरून आणणं वेगळं, तो परवडला नाही की चूल परत पेटते. आणि परवडणाऱ्या घरातसुद्धा चहा-भाजी गॅसवर, भाकरी मात्र चुलीवर आणि अंघोळीचं पाणी मागच्या दारी पालापाचोळा जाळून. हायवेला 'चुलीवरचं मटण' अशी पाटी बघून आपण गाडी थांबवतो, जेवायला बसतो बाहेर मोकळ्या हवेत, आणि आत दिवसभर भाकऱ्या थापणारी बाई त्या धुरातच असते.

आणखी एक सांगायला हवं. चेन्नईच्या कल्पना बालकृष्णन या स्मिथ यांच्या जुन्या सहकारी. त्यांची टीम ज्यात होती तो मोठा अभ्यास तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात झाला, सुमारे ३,२०० गरोदर बायकांमध्ये. निम्म्यांना गॅस फुकट दिला, त्यांच्या वाट्याचा धूर खूप कमी झाला, तरी बाळांच्या जन्माच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. काहींनी यावरून गॅसचा उपयोग नाही असं म्हणायला घेतलं, ते मला चुकीचं वाटतं. या बायकांना गॅस मिळाला तेव्हा गरोदरपणाचे कित्येक आठवडे उलटून गेले होते, आणि आयुष्यभर छातीत गेलेला धूर काही महिन्यांत निघून जात नाही. त्यात शेजारच्या घरात चूल पेटली की तो धूर खिडकीतून यांच्याकडे येणारच, म्हणून एकेक घर सुटं धरून चालत नाही, अख्ख्या वस्तीत गॅस लागतो, आणि तो भरून आणायला परवडेल असा लागतो.