गर्दीतली पांढरी बाराबंदी

(पडद्यावर: नंदीध्वजांची मिरवणूक. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर.)

मकरसंक्रांत आली की सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते. सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) मानकरी आणि नजर जाईल तिकडे माणसंच माणसं. फोटोग्राफरला आणखी काय हवं? पण घरी येऊन फोटो उघडला की कळतं, मानकऱ्याच्या डोक्यामागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. तोही लालभडक.

(कॉम्प्युटरचा पडदा, जवळून.)

इथून एडिटिंग सुरू होतं. मानकऱ्याचं सिलेक्शन करायचं, ते उलटं करायचं आणि कर्व्ह, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी रेघ, खाली ओढून मागचं सगळं गडद करायचं. आपली नजर आधी उजळ भागाकडे जाते; मागचा उजेड उतरला की तीच बाराबंदी जास्त पांढरी भासते. तिला हातही लावलेला नसतो! फ्लेक्स मात्र नुसता गडद करून भागत नाही. लाल रंग अंधारातही डोळ्यांत खुपतो, म्हणून त्याचं सॅच्युरेशनही, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवावं लागतं.

युक्ती जुनीच आहे. डार्करूममध्ये कागदावर जिथे जास्त उजेड पडेल, तिथे फोटो जास्त काळा व्हायचा. म्हणून मधला चेहरा झाकून कडांना थोडा वेळ जादा उजेड द्यायचे. त्याला 'बर्न करणं' म्हणत. फोटोशॉप १९९० साली आलं, आणि त्यातल्या बर्न टूलच्या चिन्हात तो उजेड अडवणारा हात अजून आहे. १९९४ मध्ये लेयर्स, म्हणजे फोटोवर ठेवायचे वेगवेगळे थर, आले, तेव्हापासून केलेला अंधार हवा तेव्हा कमी करता येऊ लागला.

आता सॉफ्टवेअर एका क्लिकवर माणूस ओळखतं. नंदीध्वज मात्र त्याच्या ओळखीचा नाही. मानकरी नेमका उचलतं आणि त्याच्या हातातली उंच काठी मागच्या अंधारात सोडून देतं. मग ब्रश घेऊन ती काठी टोकापर्यंत रंगवत बसायचं. बाराबंदीची कडही अशीच. मास्क, म्हणजे माणसाला अंधारापासून वाचवणारं झाकण, जरा बाहेर सरकला की जुन्या उजेडाची पट्टी खांद्याभोवती राहते, आणि माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट घाईत सुटते. मागच्या हॅलोजनचा उजेड मानकऱ्याच्या कानावर, खांद्यावर पडलेला असतो. हॅलोजन काळा केला आणि खांदा तसाच चमकत ठेवला, तर तो उजेड आला कुठून?

(दोन फोटो शेजारी शेजारी.)

डावीकडे मागचं सगळं काळंकुट्ट. फोटो झकास आहे, पण तो स्टुडिओत काढला असं सांगितलं तरी खपेल. उजवीकडे गर्दी अंधुक आहे, पण आहे. जोडलेले हात, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. आमचं मत उजवीकडच्या फोटोला. गड्ड्यातून गर्दीच वजा केली, तर उरलं काय?

छापताना मात्र हात आणखी आखडता घ्यावा. स्क्रीनवर अंधुक दिसणारे चेहरे कागदावर बऱ्याचदा पार बुडतात, म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून बघायची. आणि मास्कचा लेयर असलेली फाइल कधीच पुसायची नाही. अल्बम घरी गेला की फोन येतोच, "अहो, मागं आमचे मामा उभे होते की, ते कुठं गेले?"