अंगणवाडीताईंचे दोन तास

नमस्कार श्रोतेहो.

तारा‍बाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञ १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. अनुताई वाघ सोबत होत्या. मुलांना न्हाऊमाखू घालायचं आणि शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवायचं, असं ते काम होतं.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवा अंगणवाडीतून द्यायच्या ठरल्या, त्यात पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. कुपोषणाशी झुंजणाऱ्या देशात आहाराला पहिला मान मिळाला, ते योग्यच होतं. बाळाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, म्हणजे कुपोषण तीव्र झालं, तर ते सर्वात आधी ताईंच्याच पट्टीवर कळतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. म्हणजे आता ताई शिक्षिका झाल्या. पण त्यांच्या हातात मोबाईलही आला. हजेरी, वजन, उंची, सगळं 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवर भरायचं. घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहराही टिपायचा. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

इकडे चार वर्षांची एक मुलगी चिंचोके मांडून बसलेली असते. ताईंनी शेजारी बसून नुसतं विचारलं, "कुठल्या ढिगात जास्त गं?" की ती एकास एक जोडी लावून बघते. गणिताची सुरुवात इथे होते, पाटीवर शंभरपर्यंत आकडे गिरवून नाही. पण त्यासाठी ताईंना तिथे बसता आलं पाहिजे!

कामं वाढत गेली, पगार मात्र आजही 'मानधन'च आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका, म्हणजे ताई, आणि त्यांच्या मदतनीस दोघींचाही ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवादही स्वीकारला नाही. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ताईंना संपावर जावं लागलं. मला हे फार लागतं.

पालकांनो, "तिथे नुसतं खेळवतात," अशी तक्रार घेऊन कृपा करून जाऊ नका. जायचंच तर ग्रामसभेत जा आणि विचारा : सकाळचे दोन तास ताईंना मोबाईल बाजूला ठेवून मुलांजवळ बसता येतं का? येत नसेल, तर नोंदींचं काम दुसरं कोण करणार?