रिकामा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैमध्ये कॉलेज सुरू झालं की आमच्या विभागाच्या दाराशी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं घुटमळायला लागतात. हातात एक घडी घातलेला कागद असतो, त्यावर लघुप्रबंधाचा विषय. कागद उघडण्याआधीच मी सांगू शकतो आत काय असेल. 'भारतीय शेतीचा विकास : एक अभ्यास'. नाहीतर 'महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका', आणि पुढे 'विशेष संदर्भ' म्हणून आपला जिल्हा. यात मुलांना काय दोष द्यायचा? ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांच्या पाठीवर हीच नावं सोनेरी अक्षरांत छापलेली आहेत, आणि त्यातल्या काहींवर मार्गदर्शक म्हणून माझीच सही आहे.

अर्थशास्त्राचा प्रबंध आखायचा कसा आणि लिहायचा कसा, यावर मला बोलायला सांगितलंय. नियम सांगत बसलो तर तुम्ही रेडिओ बंद कराल. त्यापेक्षा एका मुलीच्या लघुप्रबंधाची गोष्ट सांगतो.

मुलगी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली. घरी कांदा. तिच्या कागदावर विषय होता, 'कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या'. मी विचारलं, "किती समस्या आहेत गं?" म्हणाली, "सर, खूप आहेत." म्हटलं, "त्यातली एक सांग, जिच्यावरून घरात भांडण झालं." ती जरा थांबली. मग म्हणाली, "बंदी आली तेव्हा. आई म्हणत होती, ट्रॉली आठ दिवस आधी न्यायला पाहिजे होती. पप्पा जेवले नाहीत त्या दिवशी."

हा झाला विषय. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या बंदीनं बाजार समितीतला भाव किती पडला? एवढाच प्रश्न. यात पीक एक, तारीख एक, बाजार एक. मुलांना भीती वाटते की इतक्या छोट्या प्रश्नावर शंभर पानं भरणार कशी. उलट आहे. 'भारतीय शेतीचा विकास' यावर लिहिणारा तिसऱ्या पानावर संपतो, कारण त्याच्याकडे पुस्तकातल्या व्याख्यांशिवाय सांगण्यासारखं काही नसतं.

मग मी तिला एक कोरा कागद दिला. म्हटलं, तुझ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता यावर काढ. आकडा एकही लिहायचा नाही. नुसत्या रेघा मार, वर रकान्यांची नावं लिही, डावीकडे ओळींची. माझ्या मते प्रबंधाचा खरा आराखडा तो हाच. विद्यापीठाला द्यायचा सिनॉप्सिस लागतो, तो द्यावा. त्यात उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती, मर्यादा सगळं यथासांग लिहावं. पण कोरा तक्ता काढता येत नसेल, तर आपल्याला काय शोधायचंय ते अजून ठरलेलं नाही असं समजावं.

तिला दोन दिवस लागले. पहिल्या तक्त्यात एक रकाना होता 'निर्यात'. मी विचारलं, हा भरणार कसा? बाजार समितीत व्यापारी माल घेतो, तो पुढे दुबईला गेला की दिल्लीला, हे तिथल्या कुठल्याच नोंदीत नसतं. निर्यातीचे आकडे मिळतात ते देशाचे, महिन्याचे. तिचा तक्ता आठवड्याचा आणि एका बाजाराचा. रकाना खोडला. हे जुलैत कळलं म्हणून निभावलं. फेब्रुवारीत कळलं असतं तर रडारड झाली असती, आणि ती मी दर वर्षी बघतो.

उरलेले रकाने भरण्यासारखे होते. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक क्विंटलमध्ये मिळते, आणि तीन दर: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. इथे एक खड्डा आहे. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी दर नव्हे. ज्या दराच्या आसपास त्या दिवशी बहुतेक माल गेला, तो सर्वसाधारण. आणि आठवड्याचा दर काढायचा तर रोजच्या दरांची नुसती बेरीज करून भागायचं नाही. समजा सोमवारी २०,००० क्विंटल आवक झाली आणि दर १,५०० रुपये होता. शनिवारी अर्धा दिवस बाजार, आवक २,००० क्विंटल, दर २,१००. नुसती सरासरी येते १,८००. पण आवकेचं वजन देऊन काढली तर १,५५५ च्या आत. क्विंटलमागे जवळजवळ २४५ रुपयांचा फरक, तोही आपल्या आळसामुळे. सरकारी पाहणीची माहिती वापरणाऱ्यांचंही हेच होतं. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक कुटुंबापुढे त्याचा गुणक, म्हणजे ते एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीनं धरायचं तो आकडा, दिलेला असतो. तो न लावता सरासरी काढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यावर 'उत्तम' असा शेरा मारणारे परीक्षकही.

आता पुढचं. तिनं बंदीच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे शेजारीशेजारी ठेवले. भाव पडलेला दिसला. मुलगी खूश. म्हणाली, "सर, झालं!" म्हटलं, डिसेंबरात खरिपाचा लाल कांदा बाजारात जोरात येतो की नाही? आवक वाढली की भाव उतरतो की नाही? मग यातलं बंदीनं किती पाडलं आणि हंगामानं किती? बंदी नसती तर भाव काय असता, हा आकडा कुणीच पाहिलेला नाही. अर्थशास्त्रातली निम्मी मेहनत या न पाहिलेल्या आकड्यासाठी असते.

ती म्हणाली, मागच्या वर्षांचा डिसेंबर घेऊ. चांगली कल्पना. पण २०१९ साली २९ सप्टेंबरला बंदी आली, ती पुढच्या मार्चपर्यंत टिकली. २०२० साली १४ सप्टेंबरला पुन्हा आली आणि १ जानेवारी २०२१ ला उठली. म्हणजे ते दोन्ही डिसेंबर बंदीतलेच. हातात उरले २०२१ आणि २०२२. शिवाय २०२३ चं 'बंदीआधी' हेही काही मोकळं नव्हतं. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं होतं, म्हणजे त्याहून कमी भावात कांदा बाहेर पाठवायचा नाही. त्यामुळे तिची तुलना मोकळा बाजार आणि बंद बाजार अशी नव्हतीच. अर्धं दार आणि पूर्ण बंद दार अशी होती. तिनं प्रबंधाचं नाव बदललं. नाव बदलावं लागलं म्हणजे काम नीट चाललंय असं मी धरतो.

शेवटी आली ती रोजच्या दरांच्या तक्त्यातली भोकं. काही तारखांना नोंदच नाही. तिनं एक्सेलमध्ये तिथे शून्य भरलं होतं आणि सरासरी कोसळली होती. दुसऱ्या एकानं सल्ला दिला, अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांची सरासरी टाक. मी म्हटलं, काहीच टाकू नकोस. शेजारी नवा रकाना कर, त्याला नाव दे 'का नाही?', आणि प्रत्येक रिकाम्या जागेचं कारण शोधून आण.

श्रोतेहो, प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या रकान्यातून निघालं. काही रविवार होते, काही सण. नाशिक जिल्ह्यातल्या काही बाजार समित्यांत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा होती, आणि डिसेंबरातली अमावास्या बंदीनंतर चारच दिवसांनी, १२ तारखेच्या मंगळवारी. सप्टेंबरातली भोकं व्यापाऱ्यांच्या संपाची होती. खुद्द ८ डिसेंबरला शेतकऱ्यांनी जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले आणि रस्ते अडवले. म्हणजे ज्या दिवशी भावाला सगळ्यात मोठा धक्का बसला, नेमका त्याच दिवसाचा भाव नाही. अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांनी ते भोक बुजवलं असतं, तर त्या दिवशी बाजार शांतपणे चालला असं तिच्या तक्त्यानं खोटं सांगितलं असतं.

मग ती गावात गेली. शेतकऱ्याला "उत्पन्न किती?" असं विचारून उत्तर मिळत नाही. मिळालं तरी खरं नसतं. आणि का असावं? आपला पगार आपण पाहुण्याला सांगतो का? तिनं पट्ट्या मागितल्या. माल विकला की व्यापारी हिशेबाची पट्टी देतो. कुणाच्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवलेल्या होत्या, कुणाच्या पिशवीत बँकेच्या पासबुकाबरोबर. पट्टीवर वजन असतं, दर असतो, हमाली, तोलाई, वाराई असे कापून घेतलेले खर्च असतात आणि हातात आलेली रक्कम असते. तुम्हाला आठवत असेल, २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता दोन रुपये मिळाले होते. ती बातमी झाली, कारण पट्टीचा फोटो होता. प्रबंधाला एक पट्टी पुरत नाही. तिनं चाळीस घरांतल्या गोळा केल्या. आणि एक वाक्य तिनं आपणहून लिहिलं, त्याचे मी मनातल्या मनात जास्तीचे पाच गुण दिले: 'जी कुटुंबे पट्ट्या जपून ठेवतात ती न जपणाऱ्यांपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे हे निष्कर्ष सर्वांना लागू करता येणार नाहीत.'

लिहिण्याबद्दल थोडंच सांगतो. प्रस्तावना आधी लिहू नका. तक्त्याचं प्रकरण आधी लिहा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पाहुणे किती आलेत ते कळल्यावर पानं मांडावीत तसं. तक्त्याखाली 'सोमवारी दर १,५०० होता, मंगळवारी १,५२० होता' असं लिहू नका, वाचणाऱ्याला डोळे आहेत. त्यातून काय कळतं ते लिहा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे' अशी माळ ओवू नका. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, त्यातले तुमच्या तक्त्याशी भांडणारे दोन-तीन निवडा आणि त्यांच्याशी भांडा. चोरी करू नका, हे सांगावं लागू नये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आणि शेवटच्या प्रकरणातलं 'शासनाने योग्य ती पावले उचलावीत' हे वाक्य खोडा. शासनानं ते इतक्या प्रबंधांत वाचलं असतं तर एव्हाना पावलं उचलून दमलं असतं.

आता मार्गदर्शकाविषयी. मुलं मला विचारतात, "सर, तुम्हाला काय निष्कर्ष हवाय?" हा प्रश्न ऐकला की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आठवतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. परीक्षकांनी प्रबंध दुरुस्त करायला लावला, बाबासाहेबांनी मुंबईला आल्यावर त्यावर पुन्हा हात फिरवला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी पुस्तक निघालं. त्याला प्रस्तावना कॅनन यांची. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की चालू चलनपद्धतीला असलेला आंबेडकरांचा विरोध मला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत; तरी काही घाव त्यांनी अगदी वर्मी घातले आहेत, आणि जिथे ते चुकले असं वाटलं तिथेही त्यांच्या विचारातला ताजेपणा जाणवला. आपल्याच विद्यार्थ्याच्या पुस्तकात मार्गदर्शकानं छापलेलं आहे हे. आमच्याकडे मार्गदर्शकाला न पटणारं एक वाक्य लिहायचं तरी मुलांचा हात थरथरतो. थरथरायला आम्हीच शिकवलंय.

तर तिनं प्रबंध दिला. निष्कर्षाचा आकडा मी इथे सांगत नाही, तो तिचा आहे, तिनंच कुठेतरी छापावा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी पानं उलटली, तक्त्यावर थांबले, ८ डिसेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा रकाना मोकळा कसा? राहून गेला का? निदान शून्य तरी लिहायचं."

ती म्हणाली, "सर, शून्य लिहिलं असतं तर कांदा फुकट गेला असा अर्थ झाला असता. त्या दिवशी तो विकलाच गेला नाही. आमची ट्रॉली संध्याकाळी भरलेलीच परत आली."

"मग तो विकला कधी?"

"त्याची पट्टी परिशिष्टात लावलीय, सर. सातवी."