योसेफाचे भाऊ मिसरातून मका घेऊन गेले का?

नमस्कार मंडळी! १६११ सालचं इंग्रजी बायबल, म्हणजे किंग जेम्स भाषांतर, उघडा आणि त्यातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, बेचाळिसावा अध्याय काढा. कनानात दुष्काळ पडलाय आणि योसेफाच्या वडिलांच्या, याकोबाच्या, कानावर येतं की मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ‘कॉर्न’ आहे. लगेच मुलं निघतात, गोण्या भरतात, गाढवांवर लादतात.

आता आपल्याला कॉर्न म्हणजे काय माहीत? स्वीट कॉर्न, पॉपकॉर्न, पावसात गाडीवर भाजलेलं कणीस. मग या गोण्यांत मका होता का?

शक्यच नाही. मका मूळचा मेक्सिकोकडचा. १४९२ साली कोलंबस अमेरिकेकडच्या कॅरिबियन बेटांवर पोचला, त्यानंतर मका युरोपात आला आणि पुढे जगभर पसरला. याकोबाच काय, येशूच्या काळातही त्या भागात कुणी मक्याचा दाणा पाहिलेला नव्हता.

मग भाषांतरकार चुकले? अजिबात नाही. त्यांच्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य, नाहीतर नुसता दाणा. ज्या मुलखात जे पीक मुख्य, ते तिथलं कॉर्न: इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटलं, पुढे त्यातलं ‘इंडियन’ गळून पडलं. ब्रिटनमध्ये मात्र जुना अर्थ टिकला. १८४६ मध्ये तिथे ‘कॉर्न लॉज’ नावाचे कायदे रद्द झाले, तो सगळा वाद परदेशी धान्यावरच्या, मुख्यतः गव्हावरच्या, जकातीचा होता. आणि आपली काळी मिरी? तिच्या दाण्याला इंग्रजीत आजही पेपरकॉर्नच म्हणतात.

पण मला सगळ्यात आवडतो तो पुरावा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याचा, दिवस आहे. येशूचे शिष्य शेतातून चाललेत, जाता जाता कणसं तोडतात, हातांवर चोळतात आणि खातात. चोळतात! हे करून बघा मक्याच्या कणसावर. तळहात सोलून निघतील, दाणा काही हलायचा नाही. ज्यांनी शेकोटीशी बसून हुरडा चोळलाय किंवा गव्हाच्या ओंब्या भाजून खाल्ल्यात, त्यांना मात्र हे वेगळं समजावून सांगायला नको. दोन्ही तळव्यांत धरायचं, चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, दाणे तोंडात.

गंमत म्हणजे परुश्यांनी, म्हणजे नियमांबाबत काटेकोर असलेल्या यहुदी पंथाच्या लोकांनी, हरकत घेतली ती चोरीची नव्हे. दुसऱ्याच्या शेतातली कणसं हाताने तोडायला मोशेच्या नियमशास्त्रात मुभाच होती, फक्त विळा लावायचा नाही. हरकत होती ती शब्बाथाची. तोडणं म्हणजे कापणी आणि चोळणं म्हणजे मळणी, असा कडक हिशेब!

बायबलमधल्याच रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज तिला जेवताना ‘पार्च्ड कॉर्न’ देतो. तेही पॉपकॉर्न नव्हे. सातूच्या कापणीचे दिवस आहेत, म्हणजे ते भाजलेलं धान्य. नव्या इंग्रजी भाषांतरांत बहुतेक ठिकाणी ‘ग्रेन’ आलंय, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

आता कुणीतरी विचारणारच, “योसेफाच्याच गोष्टीत फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, स्वप्नात एका ताटाला सात कणसं होती, मग तो मकाच ना?” अहो, त्याच रात्री त्याच्या स्वप्नात सात मरतुकड्या गाईंनी सात धष्टपुष्ट गाई खाल्ल्या होत्या. तिथे शेतीशास्त्र लावायचं तरी किती?