पसाभर कढण

श्रोतेहो, नमस्कार.

सिद्धार्थ गौतमांनी घर सोडलं 29 व्या वर्षी, बोधी मिळाली 35 व्या. मधली सहा वर्षं आपण घाईने उरकतो. सांगतो ती म्हाताऱ्याची, रोग्याची, प्रेताची गोष्ट. मज्झिमनिकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, बुद्ध स्वतः हकीकत सांगतात, तिथे ही दृश्यं नाहीत, रात्री गुपचूप निघणंही नाही. आईवडील रडत असताना केस-दाढी उतरवून ते निघाले, एवढंच. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी हे मराठीत कधीच दाखवून दिलंय. तरी चित्रांतला घोडा आणि सारथी छन्न सुटत नाहीत, याचं वाईट वाटतं.

आधी दोन गुरू झाले, आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त. दोघांचंही ध्यान साधलं, दोघांनीही शिष्यगण सांभाळायला देऊ केला, पण दुःख संपलं नाही. म्हणून उरुवेलेला, नेरंजरा नदीकाठी, म्हणजे आजच्या बोधगयेला, तपश्चर्या सुरू झाली.

पहिल्यांदा दातांवर दात दाबून, जीभ टाळ्याला लावून मन आवळलं. मग श्वास कोंडला. तोंड बंद, नाक बंद. तेव्हा कानांतून वारा सुटला, लोहाराच्या भात्यासारखा आवाज करत. कानही बंद केले, तर डोक्याला कातडी पट्टा आवळावा तशा वेदना. मग अन्न तोडलं. आणि श्रोतेहो, खायला काय, तर मुगाचं कढण, कुळथाचं कढण, वाटाण्याचं कढण. आपल्या कोकणातला तोच कुळीथ! किती, तर पालीत शब्द आहे ‘पसत’. आपला पसा. पसाभर कढण. दाणे नाहीत, पसाभर कढण.

शरीराचं काय झालं ते बुद्धच सांगतात. बरगड्या पडक्या गोठ्याच्या वाशांसारख्या. डोळे खोल विहिरीच्या तळाशी चमकणाऱ्या पाण्यासारखे. कोवळा कडू भोपळा तोडून वाऱ्याउन्हात टाकला की सुरकुततो, तशी डोक्याची कातडी. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हातात येई. शौचाला उठले की तिथेच तोंडावर पडत. अंगावरून हात फिरवला की मुळं कुजलेले केस गळून पडत.

इथे त्यांना लहानपण आठवलं. वडील शेताच्या कामात होते, आणि हा मुलगा जांभळीच्या थंड सावलीत बसून सहज ध्यानात गेला होता. वासना नाही, पाप नाही, तरी सुख होतं. मग या सुखाला मी का भितो? आणि दुसरी गोष्ट, इतक्या वाळलेल्या शरीराने ते सुख मिळणं सोपं नाही. चूक नेमकी इथे होती: ध्यानाला लागणारं बळच उपासाने खाल्लं होतं. त्यांनी भात आणि कुल्माष, म्हणजे धान्याचा एक साधा पदार्थ, खाल्लं. सुजातेची खीर नंतरच्या कथांत येते; इथे साधा भात आहे, आणि तोच मला मोलाचा वाटतो.

सोबतचे पाच तपस्वी, कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम, अस्सजी, ‘गौतम चैनीला लागला’ म्हणून निघून गेले. त्यानंतर ध्यानाच्या चार पायऱ्या, रात्रीचे तीन प्रहर आणि बोधी.

बुद्ध त्या पाचांना शोधत इसिपतनला, म्हणजे सारनाथला गेले. उठून मान द्यायचा नाही, असं पाचांनी ठरवलं होतं. पण बुद्ध जवळ येताच एकाने पात्र-चीवर, म्हणजे भिक्षापात्र आणि वस्त्र, घेतलं, एकाने आसन मांडलं, एकाने पाय धुवायला पाणी ठेवलं. पुढे दोघांना उपदेश चाले तेव्हा तिघे भिक्षेला जात, तिघांना चाले तेव्हा दोघे. जे मिळे त्यावर सहाही जण जेवत.