बारा गावचं पाणी: डिऑन डब्लिन

(पडद्यावर: ओल आलेल्या भिंतींचं रिकामं घर. एक उंच माणूस दारातून आत येतो.)

हा माणूस घर बघायला आलाय.

बीबीसीवर दिवसा लागणारा कार्यक्रम. लिलावात घेतलेली पडकी घरं, त्यांची डागडुजी, शेवटी किंमत किती वाढली याचा हिशोब. २०१५ पासून हा त्याच्या सूत्रधारांपैकी एक. जिना दिसला की तो अगदी गंभीरपणे सांगतो, हा वरच्या बेडरूमकडे जातो. यावरून इंग्लंडात त्याची भरपूर थट्टा झालीय.

आपण मात्र त्याच्या मानेकडे बघायचं. त्या मानेत टायटॅनियमची एक पट्टी आहे. तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

(पडद्यावर: ८ नोव्हेंबर १९९७. हायफिल्ड रोड, कॉव्हेन्ट्री. आकाशी जर्सी.)

न्यूकॅसलचा गोली शे गिव्हन. चेंडू त्याच्या हातात आहे. समोर सगळं शांत, घाई कसलीच नाही. तो चेंडू खाली ठेवतो, पुढे सरकवून लाथ मारायच्या बेतात आहे.

आता चित्राच्या कडेला बघा. गोलच्या बाजूला, गिव्हनच्या पाठीमागे.

(चित्र थांबतं.)

हा कॉव्हेन्ट्रीचा आघाडीपटू डिऑन डब्लिन. मघाशी त्याचा हल्ला वाया गेला आणि सगळे परत फिरले. तो फिरला नाही. गोलीच्या हातात चेंडू असेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. चेंडू जमिनीवर आला की तो सगळ्यांचा. नियम एवढाच.

(चित्र पुन्हा सुरू.)

मागून आला, चेंडू काढून घेतला, रिकाम्या जाळ्यात ढकलला. सामना २-२ सुटला, तो स्कोअर आज कुणाला आठवत नाही. आठवतो तो विनोद. गिव्हन आयर्लंडचा, डब्लिन ही तिथली राजधानी, त्यामुळे डब्लिन कुठे आहे हे माहीत नसलेला एकमेव आयरिश माणूस असं त्याला लोक चिडवत राहिले.

नशीब म्हणून हा गोल सोडून देता येईल. पण पुढची पंधरा मिनिटं आम्ही जे दाखवणार आहोत, ते सगळं याच एका सवयीचं आहे. चेंडू कुठे येणार हे याला आधी कळायचं.

(पडद्यावर: हेडरचे गोल, एकामागून एक. आवाज फक्त प्रेक्षकांचा.)

प्रीमियर लीगमध्ये त्याचे १११ गोल. त्यातले ४५ डोक्याने. हेडरच्या यादीत त्याच्या वर नावं दोनच, पीटर क्राउच ५३ आणि ॲलन शिअरर ४६. क्राउच दोन मीटरहून उंच. डब्लिन सव्वासहा फुटांच्या आतला.

हेडर डोक्याने मारतात असं आपण म्हणतो. खरं तर कपाळ फक्त चेंडूला भेटतं. जोर येतो कमरेतून, पाठीतून आणि शेवटी मानेतून. धनुष्यासारखं मागे ताणलेलं अंग एका क्षणात पुढे येतं. आणि या सगळ्याच्या आधी उडी. उंच उडणारे पुष्कळ असतात. वेळेवर उडणारे थोडे. हा गोल बघा, बचावपटू खाली येऊ लागलाय तेव्हा डब्लिन अजून वर चाललाय.

(पडद्यावर: केम्ब्रिज. ॲबी स्टेडियम. छोटी स्टॅण्ड, पाठीमागे झाडं.)

जन्म लेस्टरचा, १९६९. नॉरिच सिटीने तरुणपणी घेतलं आणि १९८८ मध्ये मुख्य संघातून एकही सामना न खेळवता सोडून दिलं. तो आला इथे. केम्ब्रिज युनायटेड, तेव्हा चौथ्या विभागात. विद्यापीठाच्या गावातला हा क्लब, पण विद्यापीठाशी याचं काही देणंघेणं नव्हतं.

१९९० मध्ये जॉन बेक व्यवस्थापक झाले आणि इथून गोष्ट रंगते.

बेकना मधल्या फळीतली पासांची देवाणघेवाण मान्य नव्हती. चेंडू मागून थेट पुढे, कोपऱ्यात मारायचा. तिथे विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, पळत जाणार, क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर उंच चेंडू, टाकणार, गोलसमोर डब्लिन आणि जॉन टेलर. आता उंचावरून आलेला चेंडू कोपऱ्यात पडून सरळ बाहेर जाऊ नये म्हणून मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढू दिलं जायचं. हो, माळ्यालासुद्धा डावपेच माहीत.

(पडद्यावर: मैदानाचा कोपरा, जवळून. गवत.)

सामन्याआधी बेक आपल्याच खेळाडूंच्या अंगावर थंड पाण्याच्या बादल्या ओतायचे. पाहुण्यांसाठी वेगळी सरबराई. त्यांच्या खोलीत हीटर भडकलेला आणि चहात साखर ओतलेली, असं त्या काळातले लोक आजही रंगवून सांगतात. इंग्लंडातल्या शहाण्या लोकांनी या फुटबॉलला नाकं मुरडली. मुरडू देत. हा खेळ उभा राहायला गोलसमोर एक माणूस लागत होता, ज्याला शंभर क्रॉसपैकी कुठला नेमका कुठे पडणार हे कळतं. बेकना तो तयार मिळाला.

(पडद्यावर: २६ मे १९९०. वेम्ब्ली.)

चौथ्या विभागाची प्लेऑफ फायनल, म्हणजे वरच्या विभागात जायच्या शेवटच्या जागेसाठीचा सामना, चेस्टरफील्डविरुद्ध. प्लेऑफची फायनल वेम्ब्लीवर व्हायची ही पहिलीच वेळ. सामना ०-०. कॉर्नर येतो.

(कॉर्नर. हेडर. गोल.)

वेम्ब्लीवरच्या प्लेऑफ फायनलचा पहिला गोल हा. केम्ब्रिज १-०. पुढच्या वर्षी तिसरा विभागही जिंकला. दोन्ही वर्षी एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत. आणि १९९२ मध्ये, नवी प्रीमियर लीग सुरू होणार त्या उन्हाळ्यात, तिच्यात शिरायच्या प्लेऑफपर्यंत. तिथे लेस्टरने, म्हणजे डब्लिनच्याच गावाने, ५-० अशी धूळ चारली. बेक ऑक्टोबरमध्ये गेले आणि क्लब त्याच हंगामात खाली घसरला.

(पडद्यावर: ओल्ड ट्रॅफर्ड. लाल जर्सीतला डब्लिन.)

मँचेस्टर युनायटेड. ऑगस्ट १९९२, १० लाख पाउंड. व्यवस्थापक फर्ग्युसनना हवा होता शिअरर, तो ब्लॅकबर्नला गेला.

प्रीमियर लीगमधले युनायटेडचे पहिले तीन सामने. दोन हरले, एक बरोबरीत. चौथा, २४ ऑगस्ट, साउदॅम्प्टन. सामना संपत आलाय.

(गोल.)

प्रीमियर लीगमधला युनायटेडचा पहिला विजय या माणसाच्या गोलावर आहे. ज्या क्लबने पुढे ही स्पर्धा तेरा वेळा जिंकली, त्याचा पहिला. नऊ दिवसांनी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याचा पाय मोडला.

नोव्हेंबरमध्ये दुसरा आघाडीपटू आला, एरिक कँटोना.

(पडद्यावर: कॉव्हेन्ट्री, १९९४ ते १९९८.)

२० लाखांत कॉव्हेन्ट्री. दरवर्षी तळाशी झगडणारा आणि खालच्या विभागात घसरण्यापासून दरवर्षी कसाबसा वाचणारा क्लब. इथे त्याचं खरं काम सुरू झालं. गोल हवेत तर पुढे, मागे भोक पडलं तर सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. गॉर्डन स्ट्रॅकन व्यवस्थापक असताना आठ दिवसांत दोन टोकांना खेळण्याचं त्याला काही वाटेनासं झालं असावं.

अशा खेळाडूला इंग्लंडात कामचलाऊ समजतात. कुठेही खेळतो म्हणजे कुठलंच धड येत नाही, असा हिशोब. आमचं इथे जरा वेगळं मत आहे आणि ते आम्ही चित्रांतून सांगतोय. दोन तुकडे शेजारी शेजारी लावलेत. डावीकडे डब्लिन गोल करताना, उजवीकडे गोल वाचवताना.

(पडदा दुभागलेला. दोन्हीकडे क्रॉस येतो.)

पाय बघा. दोन्हीकडे पहिलं पाऊल मागे. दोन्हीकडे नजर चेंडूवर, आणि हात मात्र शेजारच्या माणसाला चाचपतोय. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. आघाडीपटू कधी मागे सरकून खांद्याआडून निसटतो, हे ज्याने आयुष्यभर केलं त्याला दुसरा करायच्या आधीच कळतं. दोन जागा वेगळ्या, काम एकच. चेंडू पडणार तिथे आधी पोचायचं.

(पडद्यावर: ११ मे १९९७. व्हाइट हार्ट लेन.)

हंगामाचा शेवटचा दिवस. जिंकलं तरच आशा, बाकीचे निकालही मनासारखे लागायला हवेत. सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला, त्यामुळे दुसऱ्या सामन्यांचे निकाल आधी लागणार. डब्लिनचं हेडर. मग पॉल विल्यम्सचा गोल. २-१. कॉव्हेन्ट्री एका गुणाने वाचली.

पुढच्या हंगामात लीगमध्ये त्याचे १८ गोल. ख्रिस सटन आणि मायकेल ओवेनच्या बरोबरीने सगळ्यात जास्त. इंग्लंडकडून चार सामने मिळाले, विश्वचषकाला नेलं नाही.

(पडद्यावर: व्हिला पार्क. संध्याकाळ.)

नोव्हेंबर १९९८, ॲस्टन व्हिला, ५७ लाख ५० हजार पाउंड. पहिल्या दोन सामन्यांत पाच गोल.

१८ डिसेंबर १९९९. शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. मान मोडली.

(टायटॅनियमच्या पट्टीचं रेखाचित्र. मानेचे तीन मणके.)

मानेचे तीन मणके एकत्र धरून ठेवणारी ही पट्टी. ती काढलेली नाही, आजही आत आहे. मघाशी हेडरचा जोर कुठून येतो म्हणालो, ते आठवा.

(पडद्यावर: २ एप्रिल २०००. वेम्ब्ली. एफए कप उपांत्य सामना, बोल्टन.)

साडेतीन महिने. तो बदली खेळाडू म्हणून आत येतोय. सामना जादा वेळेनंतरही ०-०, व्हिलाचे दहाच जण उरलेले. पेनल्टी शूटआऊट. व्हिलाची ही चौथी.

(पेनल्टी. पूर्ण आवाज. निवेदन नाही.)

व्हिला फायनलला गेली, ती चेल्सीने जिंकली. डब्लिन त्यानंतर चार वर्षं व्हिलाकडेच होता, मध्ये काही आठवडे उसना मिलवॉलकडे. २००३ मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध रॉबी सॅव्हेजला डोकं मारून त्याने लाल कार्डही घेतलं. डोकंच, अर्थात.

(पडद्यावर: लाकडी चौकोनी खोका, त्यावर तळहात. ठेका.)

हे वाद्य त्याने स्वतः तयार केलंय. मांडीत किंवा समोर घ्यायचा पोकळ घन, बाजूंवर हाताने वाजवायचा. नाव, ड्यूब. हा ठेका पुढच्या दृश्यांखाली चालू राहू दे.

२००४, लेस्टर. स्वतःचं गाव. आता बहुतेक वेळ मागे, बचावात. जानेवारी २००६, सेल्टिक. बोलावणारे पुन्हा स्ट्रॅकन. ग्लासगोतली ही मार्चमधली लीग कप फायनल. महान विंगर जिमी जॉन्स्टन याच आठवड्यात वारले होते, म्हणून सेल्टिकच्या सगळ्यांच्या अंगावर ७ हाच आकडा. डब्लिन उशिरा आत आला आणि तिसरा गोल करून गेला. लीगही सेल्टिकनेच जिंकली.

आणि मग नॉरिच.

(पडद्यावर: कॅरो रोड. पिवळ्या-हिरव्या जर्सी.)

अठरा वर्षांपूर्वी ज्यांनी एकही सामना न खेळवता जा म्हणून सांगितलं, त्यांच्याकडे तो सदतिसाव्या वर्षी परत आला. कधी पुढे, कधी मागे, विशीतल्या पोरांमध्ये. २००८ मध्ये समर्थकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. वय ३९.

(पडद्यावर: ४ मे २००८. हिल्सबरो, शेफील्ड.)

शेवटचा सामना. समोर शेफील्ड वेन्सडे, मान मोडली त्या दिवशीही हेच होते. नॉरिच हरणार आहे, ४-१. वेन्सडेला खाली घसरण्यापासून वाचायचंय, म्हणून मैदान गच्च भरलंय.

बदलीची पाटी वर जाते. तो टचलाइनकडे चालू लागतो. नॉरिचचे लोक उभे राहतात. आता कॅमेरा डावीकडे वळतोय, वेन्सडेच्या स्टॅण्डकडे. तेही.

(ठेका थांबतो. चित्र पुढे चालू. निवेदन संपलं.)